आधी सावली मोजा, मग कुऱ्हाड काढा



या भिंतीवर सुविचार, कोडी आणि पावसाच्या कविता नेहमी लागतात. आज मी माझे मत लिहिणार आहे. मत असे की, आपल्या गावात झाड, खांब, टाकी किंवा भिंत यांच्या उंचीवरून जे वाद होतात ते तोंडाने मिटवू नयेत, सावलीने मिटवावेत. आणि हे गणित दहावीची वाट न बघता आपण सातवीतच, उन्हात उभे राहून शिकावे. गावाच्या नावात ‘भांड’ आहे म्हणून भांडलेच पाहिजे असे काही नाही.

हे मत मला पुस्तक वाचून सुचले नाही. आमच्या कडुलिंबावरून सुचले.

आमच्या वस्तीवर आजोबांनी लावलेला एक लिंब आहे. आजोबा आता नाहीत, लिंब आहे. त्याच्या पश्चिमेला आमचं खळं आणि पूर्वेला नानांची नवी खोली. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. खोलीला विटांच्या भिंती आणि वर पत्रा. तिथे नानी आणि त्यांची लहान मुले झोपतात. मागच्या होळीनंतर नाना खळ्यात येऊन म्हणाले, “काकी, वळीव यायच्या आत लिंब पाडायचा. वाऱ्यात आडवा झाला तर पत्र्यासकट पोरं जातील माझी.”

आजी म्हणाली, “पडला तरी तुझ्या दारात पोचायचा न्हाई. तीस फुटाचा बी नसंल.”

“तीस? साठ फुटाचा हाय तो!”

“तुझ्या डोळ्याला साठ दिसतोय, कारण तुला तो पाडायचाय.”

आजीचे हे बोलणे मला त्या दिवशी फार आवडले होते. आता वाटते की ते आजीलाही लागू होते. तिला पाडायचा नव्हता, म्हणून तिला तीस दिसत होता. दोघांपैकी कुणीच लिंब मोजलेला नव्हता. आठ दिवस हेच चालले. नंतर बोलणे बंद झाले. आमच्याकडून नानांच्या घरी रोज तांब्याभर ताक जायचे, तेही बंद झाले. नानांची मुलगी माझ्याच वर्गात आहे. ती मधल्या सुट्टीत माझ्याजवळ डबा खायला बसेना. मोठ्यांचे भांडण असे आमच्या डब्यापर्यंत आले.

त्याच आठवड्यात गुरुजींनी समप्रमाण शिकवले. पाच वह्यांना एवढे, तर बारा वह्यांना किती. मी गुरुजींना विचारले, वह्यांच्या जागी सावली चालेल का? काठीची एवढी सावली, तर झाडाची एवढी सावली असताना झाड केवढे? गुरुजी म्हणाले, “चालते का ते इथे बसून कशाला विचारतोस? मीटरपट्टी घेऊन जा. मोडलीस तर मात्र भरून द्यावी लागेल.”

हे का चालते, ते आधी सांगतो. सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. एवढ्या लांबून आलेली उन्हाची किरणे आपल्या खळ्यापुरती एकमेकांना समांतरच असतात. म्हणून एकाच वेळी काठीवर आणि झाडावर ऊन सारखेच तिरके पडते. उभी काठी, तिची आडवी सावली आणि काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत येणारे ऊन, असा एक त्रिकोण होतो. उभे झाड, त्याची सावली आणि शेंड्यावरून येणारे ऊन, हा दुसरा. दोघांचे कोन सारखे, आकार लहानमोठा. आईची पोळी आणि बहिणीची भातुकलीतली पोळी जशी. अशा त्रिकोणांना समरूप म्हणतात. एकाची उंची सावलीच्या दीडपट असेल तर दुसऱ्याचीही दीडपटच असणार. एवढेच आहे. यात दहावीचे काय आहे ते मला कळत नाही. दहावीत ते सिद्ध करायला शिकवतात. वापरायला आपले त्रैराशिक पुरते.

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी, माझी धाकटी बहीण आणि नानांची मुलगी. तिला मी मुद्दाम बोलावले, कारण आम्हीच मोजले असते तर नाना म्हणाले असते, पोरांनी आजीच्या बाजूने मोजले. टेप आणि ओळंबा नानांची खोली बांधणाऱ्या गवंडीकाकांकडून आणला. खळे झाडून घेतले. पट्टी विटांच्या आधाराने उभी केली आणि ओळंब्याने सरळ केली. पट्टी जरा जरी कलली तरी सावली खोटी पडते. नऊ वाजता १०० सेंटीमीटरच्या पट्टीची सावली १५७ सेंटीमीटर भरली. सावलीच्या टोकाशी बहिणीने कोळशाने रेघ ओढली.

मग झाडाची सावली. इथे पहिली अडचण आली. शेंड्याची सावली सापडेना! खाली दाट फांद्यांची सावली काळी पडते, पण अगदी वरच्या बारीक फांद्यांची सावली जमिनीपर्यंत येता येता विरून जाते. सूर्य म्हणजे सुईचे टोक नाही, आभाळातली एक ताटली आहे. तिच्या एका कडेचे ऊन फांदीने अडवले तरी दुसऱ्या कडेचे ऊन तिथे पोचते. म्हणून उंचावरच्या बारीक वस्तूची सावली पुसट होते. शेवटी नानांच्या मुलीला युक्ती सुचली. शेंड्याजवळ घारीचे एक जुने, रिकामे घरटे आहे. त्याचा काळा गोळा जमिनीवर नीट ओळखू येत होता. घरट्याच्या वर साधारण अर्धा मीटर फांद्या आहेत. तेव्हा घरट्याची उंची काढायची आणि वर अर्धा मीटर धरायचा असे ठरले.

दुसरी गोष्ट, झाडाची सावली मोजायची ती बुंध्यापासून. फांद्यांच्या सावलीच्या कडेपासून नव्हे. बहीण कडेपासून मोजायला निघाली होती, तिला परत फिरवले. टेप पाच मीटरचा असल्यामुळे तो चार वेळा टाकावा लागला. मध्ये आजीने चहाला हाक मारली, ती मोडता आली नाही. हे सारे होईतो साडेनऊ वाजले. घरट्याची सावली भरली १६ मीटर ४७ सेंटीमीटर.

मी खळ्यातच गणित केले. १६४७ गुणिले १०० भागिले १५७. उत्तर १०४९ सेंटीमीटर, म्हणजे साडेदहा मीटर. वरचा अर्धा मीटर मिळवून ११ मीटर. बुंध्यापासून नानांच्या भिंतीपर्यंत टेपने १२ मीटर भरले होते. लिंब आडवा झाला तरी भिंतीच्या एक मीटर अलीकडेच राहणार!

मी ओरडतच घरात गेलो. आजीने आम्हा तिघांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि म्हणाली, “सांगत व्हते मी.” मग तिने नानांना हाक मारून सांगितले. नाना काही बोलले नाहीत, नुसते खळ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटले, आपण जिंकलो.

बहीण मात्र खळ्यातून हाका मारत होती. ती दुसरीत आहे, तिला भागाकार येत नाही. ती म्हणत होती, “दादा, पट्टीची सावली रेघ सोडून गेली!”

जाऊन बघतो तो खरेच. पट्टी होती तिथेच उभी होती आणि तिची सावली कोळशाच्या रेघेपासून कितीतरी आत आली होती. अर्ध्या तासात १५७ सेंटीमीटरची सावली सुमारे १२२ वर येते हे मला ठाऊकच नव्हते. पट्टीची सावली मी नवाची घेतली आणि झाडाची साडेनवाची. सूर्य काही आमच्या चहासाठी थांबला नव्हता. दोन्ही त्रिकोण समरूपच राहिले नाहीत, मग उत्तर कुठून बरोबर येणार?

पालकहो, खरे सांगतो, मला क्षणभर वाटले की गप्प बसावे. आजी खूश होती. लिंब वाचला होता. रेघ पायाने पुसली असती तर कुणाला काही कळले नसते. पण नानांची मुलगी तिथेच उभी होती आणि रात्री ती त्याच पत्र्याखाली झोपणार होती.

आम्ही पुन्हा मोजले. या वेळी बरोबर दहा वाजता, तिने पट्टीशी उभे राहून “आता!” म्हणायचे आणि त्याच क्षणी मी झाडाच्या सावलीवर खूण करायची, असे ठरवले. नुसती खूण, मग टेप सावकाश टाकला तरी चालतो. पट्टीची सावली ९६ सेंटीमीटर. घरट्याची १२ मीटर ९६ सेंटीमीटर. १२९६ गुणिले १०० भागिले ९६ म्हणजे १३५० सेंटीमीटर. साडेतेरा मीटर आणि वरचा अर्धा, एकूण १४ मीटर. विश्वास बसेना म्हणून साडेदहाला तिसऱ्यांदा मोजले. ७६ आणि १०२०. उत्तर १३ मीटर ४२ सेंटीमीटर. आठ सेंटीमीटरचा फरक आला, तो पुसट कडेमुळे येणारच. पण ११ मीटर काही परत आले नाही.

चौदा मीटर म्हणजे सुमारे ४६ फूट. आजीचे तीस चुकले होते आणि नानांचे साठही. पण लिंब बारा मीटरवरच्या खोलीपर्यंत पोचत होता, हे नानांचे खरे होते.

हे आजीला सांगायला मला जेवढा वेळ लागला तेवढा मोजायलाही लागला नव्हता. ती म्हणाली, “मगाशी अकरा म्हणत व्हता, आता चवदा. संध्याकाळी वीस म्हणशील!” मी तिला खळ्यात नेऊन रेघ आणि सावली दाखवली. तिने गणित ऐकले नाही, पण रेघ बघितली. बराच वेळ बघितली. मग नानांना म्हणाली, “चार हात, सा हात, लागंल तेवढा वरून उतरव. बुडाला हात लावायचा न्हाई.” नाना म्हणाले, “काकी, वरून उतरवला तर बुडाला कोण हात लावतंय?” तीन मीटर शेंडा उतरवायचे ठरले. चौदातून तीन गेले की अकरा. म्हणजे माझे चुकीचे उत्तर शेवटी कुऱ्हाडीने बरोबर केले, असे गुरुजी वर्गात म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो.

झाड पाडायचे म्हटले की आपण आधी कुऱ्हाड शोधतो. महाराष्ट्रात वृक्षतोडीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९६४ सालापासून आहे, पण तो कागदावर. कागद यायच्या आधी खळ्यात जो निर्णय होतो तो नजरेच्या अंदाजाने होतो. नजर तर आपल्याला हवे तेच मोजते. सावलीला झाड कुणाचे, खोली कुणाची, हे ठाऊक नसते.

आता काही पालकांचे म्हणणे मला माहीत आहे. पहिले म्हणणे, “पोरं उन्हात खेळत बसतात, ह्याला अभ्यास म्हणत नाहीत.” पालकहो, हा फार जुना अभ्यास आहे. आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात शंकूच्या, म्हणजे उभ्या खुंटीच्या सावलीचे गणित दिले आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली, तिच्यात सावलीच्या गणिताचा वेगळा भागच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला असे त्यात लिहिले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आठशे वर्षांपूर्वी हे गणित शिकवायला जागा दिली होती. आम्ही खळे मागतो आहोत, तेही रविवारी.

‘लीलावती’तले एक उदाहरण असे आहे. शंकू बारा अंगुळे उंच, म्हणजे अर्धा हात, कारण चोवीस अंगुळांचा एक हात. दिवा साडेतीन हात उंचावर. दोघांमध्ये जमिनीवर तीन हात अंतर. तर शंकूची सावली किती? वहीपेन्सिल न घेता करून बघा. दिवा शंकूपेक्षा तीन हात वर आहे आणि तीन हात लांब आहे. म्हणजे उजेड एक हात पुढे जाताना एक हात खाली उतरतो. शंकू अर्धा हात, तेव्हा सावलीही अर्धा हात, बारा अंगुळे. रात्री लाईट गेली की मेणबत्ती उंचावर ठेवून आम्ही हे करून पाहिले. हाताऐवजी वीत धरली, उत्तर तेच प्रमाण. आणि बघा, दिव्याची किरणे समांतर नसतात, तरी त्रिकोण समरूपच. हा भाग संपवताना भास्कराचार्यांनी म्हटले आहे की हे सारे गणित त्रैराशिकानेच व्यापलेले आहे. मग सातवीच्या मुलाला हे जड जाईल असे का समजायचे?

दुसरे म्हणणे, “मोबाईलमध्ये उंची मोजता येते, काठ्या कशाला रोवता?” येते. मी वडिलांच्या मोबाईलवर करून पाहिले. पण मोबाईलही शेवटी कोन आणि अंतर घेऊन असेच त्रिकोणाचे गणित करतो, फक्त ते आत करतो. तो चुकला तर कुठे चुकला हे दिसत नाही. माझी चूक दुसरीतल्या मुलीला दिसली, कारण ती खळ्यात कोळशाच्या रेघेपाशी पडलेली होती.

तिसरे म्हणणे मात्र मला मान्य आहे, की ही रीत नेहमी चालत नाही. उतारावर चालत नाही. डेरेदार झाडाला फसते. वडासारख्या झाडाच्या सावलीचे टोक शेंड्याचे नसून बाजूच्या फांदीचे असते आणि उंची जास्त येते. भर दुपारी तर विचारूच नका. आपल्याकडे मे महिन्याच्या तेरा-चौदा तारखेच्या सुमारास साडेबाराच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच शिरते आणि भागायला शून्य उरते. जुलैच्या शेवटीही तसेच होते, पण तेव्हा ढग असतात. उलट मार्चच्या मध्यात, सकाळी दहाला पाचेक मिनिटे असताना, सावली उंचीएवढीच असते. ग्रीसमधल्या थेलीसने आपली सावली आपल्याएवढी होईपर्यंत वाट पाहून इजिप्तचा पिरॅमिड मोजला, अशी जुनी गोष्ट सांगतात. त्या वेळी गुणाकार-भागाकारही लागत नाही.

ज्येष्ठाच्या शेवटी तुकोबांची पालखी यवतहून वरवंडकडे आपल्या गावावरून जाते, त्या दिवसांत सावली मिळणे कठीण. तेव्हा परात घ्यावी. परातीत पाणी भरून सपाट जमिनीवर ठेवावी आणि वस्तूचा शेंडा पाण्यात दिसेपर्यंत मागे सरकावे. उजेड ज्या कोनात पाण्यावर पडतो त्याच कोनात वर येतो, म्हणून इथेही दोन समरूप त्रिकोण होतात. माझे डोळे जमिनीपासून १२८ सेंटीमीटरवर आहेत. विजेच्या खांबापासून १० मीटरवर परात ठेवली, तर मला परातीमागे १६० सेंटीमीटरवर टोक दिसले. १० गुणिले १२८ भागिले १६०, खांब ८ मीटर. खांबाला हात लावावा लागला नाही, हे सर्वांत चांगले.

म्हणून माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. एक, मैदानाच्या कोपऱ्यात एक मीटरची सरळ खुंटी कायमची रोवावी आणि तिची सावली रोज एका वर्गाने लिहून ठेवावी. खर्च एका लोखंडी नळीचा आणि थोड्या सिमेंटचा. दोन, घरात मोजमाप निघाले की पालकांनी टेपचे एक टोक आमच्या हातात द्यावे. बाजूला सरका म्हणू नये.

लिंब अजून आहे. शेंडा उतरवल्यावर तो महिनाभर बोडका दिसत होता. आजी त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. पावसानंतर नवी पालवी फुटली. ताक मात्र शेंडा उतरवला त्याच संध्याकाळी नानांकडे गेले, मीच नेऊन दिले. फुटवे वर चालले आहेत, तेव्हा येत्या मार्चमध्ये पुन्हा मोजावे लागेल. या वेळी चहा आधी घेऊ.

ज्यांच्या वस्तीवर असा वाद चालू असेल त्यांनी सातवीच्या वर्गात सांगावे. मीटरपट्टी आमच्याकडे आहे, मोडलेली नाही. टेप आणि सकाळचे ऊन तुमचे.